दुःखाचें कोष्टक

मनुष्याच्या दुःखास आंकडा लावण्याचा एक धीट प्रयोग गेल्या शतकांत झाला, त्याची कीर्ति अद्याप ओसरलेली नाहीं. १९६७ सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथील टॉमस होम्स व रिचर्ड राहे यांनीं ४३ घटनांचें एक कोष्टक प्रसिद्ध केलें. पति किंवा पत्नी यांचा मृत्यु १००, घटस्फोट ७३, तुरुंगवास ६३, विवाह ५०, नाताळचा सण १२! वर्षभरांतील गुणांची बेरीज ३०० च्या वर गेली कीं आजाराचा धोका मोठा समजावा. मासिकांतून हें कोष्टक आजहि छापलें जातें, आणि सुशिक्षित गृहस्थ पेन्सिल घेऊन आपल्या वर्षाचा हिशेब मांडतात.

या उद्योगास हंसून सोडून देणें अन्यायाचें होईल. आनंदाचे प्रसंगहि मनुष्यास शिणवितात, ही गोष्ट त्यांत उघडपणें मान्य केली आहे; मुलीचें लग्न उरकतांच अंथरूण धरणारी यजमानीण आपल्याकडे कोणीं पाहिली नाहीं? परंतु हे आंकडे आले कोठून? ३९४ लोकांना सांगण्यांत आलें कीं, विवाहास ५०० गुण धरा व इतर घटनांना त्या मानानें द्या. त्या गुणांच्या सरासरीस दहानें भागलें, कोष्टक तयार झालें. म्हणजे अमुक घटना किती जड असावी याविषयीं लोकांचें मत त्यांत आहे. ती ज्याच्यावर कोसळली त्याची हकीकत नाहीं. राहे यांनींच पुढें अमेरिकन आरमारांतील सुमारें २,५०० खलाशांवर हें कोष्टक पडताळून पाहिलें, तेव्हां गुण व आजार यांचा संबंध आढळला, पण अगदींच दुर्बळ. १९८४ सालीं गुरमीतसिंग व त्यांचे सहकारी यांनीं भारतीयांसाठीं ५१ घटनांची यादी केली. तींत हुंड्यावरून होणारा कलह आला, मुलीचें वा बहिणीचें लग्न आलें. यादी देशी झाली, दृष्टि तीच राहिली.

आमचा मुख्य आक्षेप हरिभाऊ आपट्यांच्या यमूला या कोष्टकापुढें उभी केली म्हणजे ध्यानांत येईल. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत येऊं लागली. यमूची आई जाते. पुढें पति जातो. त्याचे १०० गुण कोष्टक तिला उदारपणें देईल. पण जो तिच्याशीं बरोबरीनें बोलत होता तो गेल्यावर सासरच्या माणसांनीं बळजबरीनें तिचें केशवपन केलें, त्याचे गुण किती? तिला मारलें कोणी, मृत्यूनें कीं मृत्यूनंतरच्या घरानें? कादंबरीकारानें हा प्रश्न वाचकापुढें स्पष्ट उभा केला आहे. शास्त्रज्ञांच्या यादींत त्यास ओळ नाहीं.

त्यामानानें जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांचें १९७८ चें पुस्तक आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतें. लंडनच्या कॅम्बरवेल भागांतील ४५८ स्त्रियांच्या त्यांनीं सविस्तर मुलाखती घेतल्या. घटनेचा भार ठरवितांना तिच्या भोंवतालची सारी परिस्थिति विचारांत घेतली; आणि ती स्त्री त्या घटनेनें किती खचली हें भार ठरविणारांस मुद्दाम सांगितलें नाहीं, नाहीं तर आजारावरूनच कारण मोठें ठरलें असतें. चार गोष्टींनीं मन विशेष दुबळें होतें, असें त्यांना दिसलें: वयाच्या अकराव्या वर्षापूर्वीं आई जाणें, घरांत चौदा वर्षांखालचीं तीन वा अधिक मुलें असणें, घराबाहेर काम नसणें, आणि मनांतलें सांगण्यास जवळचें माणूस नसणें. पुढील संशोधनांत या चारहि गोष्टी सर्वत्र सारख्या टिकल्या नाहींत, आणि पुस्तक स्त्रियांपुरतेंच आहे, हें खरें. तथापि शेवटची गोष्ट वाचतांना आम्ही बराच वेळ थांबलों.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांची पत्नी वारली. पहिले चार महिने घरानें त्यांची फार काळजी घेतली. मग, ‘आतां बाबांनीं सावरलें पाहिजे,’ असें सर्वजण म्हणूं लागले. त्यांची खोली नातवाच्या अभ्यासाकडे गेली, ते बैठकींत निजूं लागले. झोप उडाली, अन्न नकोसें झालें. कारण विचारलें तर चिरंजीव म्हणत, ‘आई गेल्याचा धक्का.’ म्हणजे कोष्टकांतील पहिली ओळ त्यांना तोंडपाठ होती. जेवावयास हांक मारण्यापलीकडे त्या घरांत म्हाताऱ्याशीं कोणी बोलत नसे, हें आम्हांस मोलकरणीकडून कळलें.