डॉ. म. के. ढवळीकर यांची वास्तुदृष्टी : इनामगाव ते वेरूळ

प्रस्तावना :
प्राचीन वास्तूंच्या अभ्यासात भव्यतेला नेहमीच अग्रस्थान मिळत आले आहे. इजिप्तमध्ये मात्र राजांच्या थडग्यांतून न उलगडणारे दैनंदिन जीवन, ती थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या देर अल-मदीना या वस्तीने उजेडात आणले. महाराष्ट्रात अशी दृष्टी डॉ. मधुकर केशव ढवळीकर (१९३०-२०१८) यांच्या संशोधनात ठळकपणे आढळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संचालकपद भूषविलेल्या आणि २०११ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेल्या या पुरातत्त्वज्ञाने साधी झोपडी व कैलास लेणे यांना एकच प्रश्न विचारला : ही वास्तू कोणी आणि कोणत्या परिस्थितीत घडविली ?

इनामगावची घरे :
घोड नदीकाठी वसलेल्या इनामगाव (ता. शिरूर, जि. पुणे) येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले. ह. धी. सांकलिया, ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्व जोर्वे काळातील (इ. स. पू. १४००-१०००) प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी उत्तर जोर्वे काळात (इ. स. पू. १०००-७००) लहान, गोल झोपड्या आल्या. घटलेले पर्जन्यमान, खालावलेली शेती आणि निमभटके जीवन अशी कारणपरंपरा ढवळीकरांनी मांडली. पाच खोल्यांचे घर व त्यालगतचे धान्यकोठार यांवरून त्यांनी ग्रामप्रमुखाचे अस्तित्व सूचित केले.

कैलास लेणे :
कैलासाचे काम अनेक राष्ट्रकूट राजांच्या कारकिर्दींत होत गेले, असे हर्मन गोएट्झ यांचे मत होते. ढवळीकरांनी १९८२ मध्ये शैलीच्या आधारे मुख्य मंदिर, नंदीमंडप व प्रवेशद्वार यांसह बहुतांश काम पहिल्या कृष्णाच्या काळातील ठरविले.

मर्यादा :
या विवेचनात हवामानाला दिलेले स्थान मात्र तपासून पाहावे लागते. गोल झोपडीला साहित्य कमी लागते, ती वाऱ्यातही टिकते. म्हणून तिचा आकार केवळ दारिद्र्याचा निदर्शक मानता येत नाही. सर्व बदल पावसाच्या माथी मारल्यास माणसाच्या निवडीला जागा उरत नाही. तसेच घर मोठे असणे आणि घरमालकाकडे अधिकारपद असणे या दोन भिन्न बाबी आहेत. तथापि, असे आक्षेप घेता येतात तेही अहवालातील सविस्तर नोंदींमुळेच, हे ढवळीकरांच्या पद्धतीचे श्रेय होय.

समारोप :
दक्षिण महाराष्ट्रात या दृष्टीची आज विशेष गरज आहे. कुंडलच्या डोंगरातील जैन गुंफा असोत वा कराडजवळील आगाशिवची बौद्ध लेणी, त्यांच्याकडे बहुधा तीर्थ वा पर्यटनस्थळ म्हणूनच पाहिले जाते. महाविद्यालयीन सर्वेक्षणात मूर्ती व शिलालेखांबरोबरच पाण्याची टाकी, जुन्या वाटा, पायथ्याच्या वस्तीच्या खुणा आणि विखुरलेली खापरे यांचीही जागेवर नोंद झाली पाहिजे. नांगरट, खाणकाम व बांधकाम यांखाली प्रथम नाहीशा होतात त्या नेमक्या याच खुणा. एकदा गेल्यावर, लेणे कोणाच्या श्रमावर उभे राहिले, हा प्रश्न विचारण्यास आधारच उरणार नाही.