नीना हागेन : विक्षिप्तपणाच्या आडची गायिका

एखाद्या कलावंताला 'विक्षिप्त' हे विशेषण लावले की समीक्षकाचे काम सोपे होते. पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही. न्यू वेव्ह संगीतातील जर्मन गायिका नीना हागेन हिच्या वाट्याला हेच आले. भडक रंगभूषा, बेफाम मुद्राभिनय आणि सतत बदलणारे सहकारी यांमुळे तिची कारकीर्द ही केवळ लहरींची मालिका मानली गेली. मला मात्र या विविधतेमागे एक सूत्र दिसते. हागेन गाणे गात नाही, ती गाण्यातील भूमिका करते. आणि सहकारी बदलतो तो भूमिका बदलते म्हणून.

तिचा जन्म १९५५ साली पूर्व बर्लिनमध्ये झाला. आई एव्हा-मारिया हागेन अभिनेत्री, तर सावत्र वडील वुल्फ बिअरमान हे राजवटीला नकोसे झालेले कवी-गायक. १९७४ साली 'ऑटोमोबिल' या वाद्यवृंदासह तिने गायिलेले गीत वरकरणी अगदी क्षुल्लक आहे : समुद्रकाठच्या सहलीला निघताना मित्र रंगीत फिल्म विसरला, म्हणून एक मुलगी फुरंगटली आहे. पण भोवतालचे करडेपण ज्यांना ठाऊक होते, त्यांना या रुसव्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. पुढे २०२१ साली अँगेला मर्केल यांच्या निरोप समारंभात लष्करी बँडने हीच चाल वाजवली.

१९७६ साली बिअरमान यांचे नागरिकत्व हिरावले गेले आणि हागेननेही देश सोडला. लंडनमधील पंक चळवळ पाहून ती पश्चिम बर्लिनला आली. १९७८ च्या 'नीना हागेन बँड' या ध्वनिमुद्रिकेत ऑपेराचा उंच स्वर आणि घशातली गुरगुर शेजारी-शेजारी नांदतात. 'द ट्यूब्स' या अमेरिकी गटाच्या गाण्याचे तिने तेथे जे केले त्याला भाषांतर म्हणता येणार नाही. मूळच्या श्रीमंत, नशेबाज तरुणांच्या जागी तिने दूरचित्रवाणीपुढे खिळून बसलेले माणूस आणले. योगायोग असा, की त्याच वर्षी पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्त-वाइलच्या नाटकाचा 'तीन पैशाचा तमाशा' केला आणि जब्बार पटेल यांनी तो रंगमंचावर आणला. परके रूप आपल्या मातीत रुजवणे म्हणजे काय, हे आपल्याकडील वाचकाला त्यामुळे वेगळे समजावून सांगावे लागू नये. पुढे १९९९ मध्ये एच. के. ग्रुबर यांच्या संचालनाखाली 'आन्साम्बल मोडर्न'ने त्याच नाटकाचे ध्वनिमुद्रण केले, त्यात हागेन मिसेस पीचम झाली. नटाने भूमिकेपासून किंचित दूर उभे राहावे, ही ब्रेख्तची अपेक्षा ती वीस वर्षे पंकमध्ये पुरी करीतच होती!

अर्थात सर्वच सहयोग सारखे फळले नाहीत. १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेत तिचेच अनेक आवाज एकमेकांशी भांडतात. ती तिची सर्वांत धाडसी कृती होय. १९८३ साली जॉर्जो मोरोडर यांच्या साथीने केलेल्या 'फिअरलेस'मध्ये मात्र नृत्यतालाचा ठोका हा कलह बराचसा सपाट करतो.

'ॐ नमः शिवाय' (१९९९) या संग्रहाबाबत भारतीय श्रोत्याची अडचण वेगळी आहे. हैडाखान बाबाजींवरील तिच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु भजनात समर्पण आले की भूमिका गळून पडते, आणि भूमिका नसेल तर या गळ्याला फारसे काम उरत नाही. २००९ साली तिने प्रॉटेस्टंट पंथाचा बाप्तिस्मा घेतला, तेव्हा 'आणखी एक लहर' म्हणून तिची हेटाळणी झाली. श्रद्धेचा तो प्रश्न समीक्षेचा नव्हे.

समीक्षेने ऐकावे ते २००३ मधील 'झेमान'. 'रामश्टाइन'चे हे गीत तिने फिनलंडच्या 'अपोकॅलिप्टिका' या चेलोवादकांबरोबर गायिले. चेलोचा खर्ज आधीच भरून राहिला आहे हे ओळखून ती येथे आपले विभ्रम आवरते, आणि शब्द अगदी जवळून, जवळजवळ बोलल्यासारखे उच्चारते.