शेवटून दुसरी तुतारी

मय्यतीला उशीर करू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. त्यामुळे रॉबर्ट एटिंजर या अमेरिकन लेखकाचे ‘द प्रॉस्पेक्ट ऑफ इम्मॉर्टॅलिटी’ (१९६४) हाती घेताना आम्ही थोडे बिचकलो. मृतदेह गोठवून ठेवा, उद्याचे विज्ञान त्याला उठवील, असे हे पुस्तक सांगते. लेखक भौतिकशास्त्राचा शिक्षक, म्हणजे आमच्याच पेशाचा. दुसऱ्या महायुद्धात त्याचे पाय जायबंदी झाले होते. हाडे जोडणाऱ्या शस्त्रक्रियांनी तो सावरला. त्याच्या आशेचे मूळ आम्हांला इथे दिसते, म्हणून त्याला वेडा ठरवून मोकळे होता येत नाही.

आम्ही अडलो ते त्याच्याच जुन्या कथेपाशी. १९४८ साली छापलेल्या त्या कथेचे नाव ‘द पेनल्टिमेट ट्रम्प’, म्हणजे शेवटून दुसरी तुतारी. नाव ख्रिस्ती श्रद्धेतले, पण इसराफीलचा सूर ठाऊक असलेल्या वाचकालाही ते चटका लावते. कथेतला धनाढ्य म्हातारा गोठतो, शतकांनंतर उठतो, आणि जुन्या पापांची झडती होऊन शिक्षेला पाठवला जातो. उठणे आले की हिशोबही आला, हे कथाकाराला उमगले होते. पुस्तकात त्याने खर्च, कायदा, धर्म सारे घेतले. नीतीवरही प्रकरण आहे, पण ती उद्याची नीती. कालच्या कर्मांचा जाब कथेतच राहिला. आमच्या मते कथा पुस्तकाहून खरी आहे.

व्यवहार तर कथेहून निष्ठुर निघाला. कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थच्या दफनभूमीत असे नऊ देह केव्हाच वितळून गेल्याचे १९७९ मध्ये उघड झाले. पैसा आटला, नायट्रोजन थांबला.

तरीही एक कबुली द्यायला हवी. अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा भाईजान कुवेतहून यायचे होते. आम्ही मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणल्या. अम्मी रात्रभर फरशीवरचे पाणी टिपत बसली. पहाटे भाईजान आले, चेहरा पाहिला, फजरनंतर दफन झाले. आणखी एक दिवस मिळता तर, असे त्या रात्री आमच्या मनात आलेच होते. म्हणून १९७७ मध्ये एटिंजरने आपल्या आईला गोठवले, पुढे दोन्ही पत्नींनाही, हे वाचून आम्हांला हसू आले नाही. २०११ मध्ये तो स्वतः वारला. त्याचाही देह मिशिगनमधल्या त्याच संस्थेत, उणे १९६ अंशांवर ठेवला गेला.