‘विनोद’ शब्दाचा जुना अर्थ

आज मराठींत ‘विनोद’ म्हटलें म्हणजे हंसें उत्पन्न करणारें चतुर भाषण किंवा लेखन, इतकाच अर्थ बहुधा मनांत येतो. चालू व्यवहारास तो पुरेसा आहे. परंतु जुने ग्रंथ व कागद वाचतांनाही तोच अर्थ गृहीत धरणें आम्हांस घातक वाटतें. कारण त्यायोगें केवळ शब्दच नव्हे, तर त्यामागील आचारही विपरीत दिसूं लागतो.

शब्दाची घटना पाहतां ‘वि’ या उपसर्गापुढें ‘नुद्’ म्हणजे लोटणें हा धातु आहे. श्रम, चिंता किंवा कंटाळा ज्यानें दूर लोटला जातो तो विनोद. त्यांत हंसें आलेंच पाहिजे असा निर्बंध नाहीं. याचा बळकट पुरावा कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मिळतो. इ. स. ११३० च्या सुमारास झालेल्या या ग्रंथाच्या पांच विंशतींपैकीं चौथी ‘विनोदविंशति’ होय. तींत मल्लविनोद, कुक्कुटविनोद, मेषविनोद, श्येनविनोद, मत्स्यविनोद, मृगयाविनोद, गीतविनोद, शास्त्रविनोद, कथाविनोद इत्यादि प्रकरणें आहेत. कुस्ती, कोंबड्यांच्या व मेंढ्यांच्या झुंजी, ससाण्याकरवीं शिकार, मासे धरणें हीं सर्व राजाचीं मनोरंजनें होत. येथें आजचा अर्थ लावल्यास ‘शास्त्रविनोद’ म्हणजे शास्त्रांची टवाळी आणि ‘कथाविनोद’ म्हणजे हास्यकथा असें म्हणावें लागेल. पहिली चूक कोणी करणार नाहीं. दुसरी मात्र सहज खपून जाईल, आणि धोका तेथेंच आहे.

मग थट्टेस निराळे शब्द नव्हते काय? होते. संस्कृतांत ‘नर्म’ व ‘परिहास’ हे शब्द असून राजाच्या थट्टामस्करींतील सोबत्यास ‘नर्मसचिव’ म्हणत. अमरकोशांत मात्र हे दोन्ही शब्द केलि, क्रीडा व लीला यांच्याच पंक्तीस बसविले आहेत. थट्टा ही क्रीडेचीच एक जात मानली जाई. या सोयरिकीमुळेंच करमणुकीचा वाचक ‘विनोद’ हळूहळू थट्टेकडे सरकला असावा, असा आमचा तर्क आहे. न. चिं. केळकर यांनीं १९०८ सालीं आपल्या ग्रंथास ‘सुभाषित आणि विनोद’ असें नांव दिलें, तोंवर संकुचित अर्थ चांगलाच रुळला होता.

इतर शब्दांविषयींही हाच विवेक हवा. ‘मस्करी’च्या मुळाशीं अरबी ‘मस्खरा’ म्हणजे विदूषक आहे, ‘हजरजबाबी’पणांत उत्तर तत्काळ सुचण्याचें कौशल्य मुख्य, हंसें आनुषंगिक, आणि आज श्लेषास लावली जाणारी ‘कोटी’ न्यायशास्त्रांत संशयाचा एक पक्ष होती. हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हत.

समजा, एखाद्या जुन्या पत्रांत ‘स्वारी विनोदांत आहे’ असें वाक्य आढळलें. त्यावरून तो पुरुष थट्टेखोर होता असा निष्कर्ष काढणारा चरित्रकार त्यास नसता स्वभाव चिकटवील. ती स्वारी कदाचित् शिकारीस गेली असेल, कदाचित् गाणें ऐकत असेल. म्हणून संदर्भांत हंसण्याचा स्पष्ट निर्देश नसेल तेथें ‘विनोद’ याचा अर्थ प्रथम मनोरंजन असाच घ्यावा, ही आमची संपादकांस व अभ्यासकांस सूचना आहे.