गेटिसबर्गचे भाषण आणि ज्ञानकोशाची दुरुस्ती

ज्ञानकोशातील नोंद सामान्य वाचक निकालपत्रासारखी वाचतो. नोंदीत जे आले ते घडले आणि जे आले नाही ते घडलेच नाही, असा त्याचा समज होतो. म्हणून ज्ञानकोश कोण लिहितो आणि लिहिलेले कोण दुरुस्त करतो, हे प्रश्न आपल्या चळवळीने वाङ्मयबाह्य म्हणून सोडून देता कामा नयेत. 2001 साली सुरू झालेल्या विकिपीडियाने दुरुस्तीचे हे काम निदान तत्त्वतः कोणालाही खुले केले. तेथे वेतन नाही की पदवीची अट नाही. मराठी विकिपीडियाही 2003 पासून याच रीतीने चालतो. या स्वयंसेवक संपादकांच्या कामाचा विचार मी येथे एका युद्धकालीन भाषणाच्या आधारे करणार आहे. 19 नोव्हेंबर 1863 रोजी अब्राहम लिंकन यांनी गेटिसबर्ग येथील सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणप्रसंगी केलेले ते सुमारे 270 शब्दांचे भाषण होय.

हे भाषण आपल्याला परके नाही. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील लोकांनाच अर्पण केला. तेव्हा त्या मुक्तियुद्धाचे जे चित्र जगापुढे राहते, त्याच्या खरेखोटेपणाशी आपले नाते जुने आहे.

या भाषणाभोवती दंतकथाही पुष्कळ साचल्या. लिंकन यांनी ते आगगाडीत, हाती आलेल्या कागदाच्या कपट्यावर खरडले, ही कथा 1906 सालच्या ‘द परफेक्ट ट्रिब्यूट’ या गोष्टीने घरोघर पोचविली. मात्र अभ्यासकांनी ती टिकू दिली नाही. लिंकन यांच्या हस्ताक्षरातील पाच प्रती उपलब्ध आहेत आणि त्यांचे पाठ एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. ईश्वराचा उल्लेख करणारे दोन शब्द पहिल्या दोन प्रतींत नाहीत. नंतरच्या तीन प्रतींत आणि वृत्तपत्रांनी छापलेल्या पाठांत ते आहेत. मग प्रत्यक्ष बोलले काय गेले? अशा प्रश्नावर संपादक वाक्यावाक्याला आधार मागतात, आधार नसलेले विधान काढून टाकतात आणि केलेला प्रत्येक बदल सर्वांना पाहता येईल असा नोंदलेला राहतो. ही शिस्त मला मोलाची वाटते. ज्यांच्यावर शतकानुशतके ‘शास्त्रात लिहिले आहे’ एवढ्याच आधारावर अन्याय झाला, त्यांनी आधार मागणाऱ्या पद्धतीचे स्वागतच करायला हवे.

परंतु चूक दुरुस्त करणे आणि वगळलेले आत आणणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामात ही पद्धत तरबेज आहे. तिची खरी परीक्षा दुसऱ्या कामात होते.

गेटिसबर्गच्या भूमीचेच पाहा. 1863 च्या उन्हाळ्यात जनरल ली यांचे सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरले तेव्हा त्याने तेथील स्वतंत्र कृष्णवर्णीयांना पकडून दक्षिणेत गुलामगिरीत नेले. अनेक कुटुंबे गाव सोडून पळाली. त्यांत बेसिल बिग्ज नावाचा एक कृष्णवर्णीय शेतकरी होता. परत आल्यावर त्याने आणि त्याच्या कृष्णवर्णीय मजुरांनी रणभूमीवर उथळ पुरलेली उत्तरेच्या सैनिकांची प्रेते उकरून काढण्याचे काम केले. ती नव्या दफनभूमीत पुरायची होती. हा ठेका दर प्रेतामागे 1 डॉलर 59 सेंट या दराने दिला गेला होता, आणि ठेकेदार गोरा होता. ऑक्टोबरमध्ये सुरू झालेले हे काम पुढच्या मार्चपर्यंत चालले. म्हणजे लिंकन बोलायला उभे राहिले तेव्हा ते अर्धेही झाले नव्हते.

लढणाऱ्यांनी ही भूमी आधीच पवित्र केली आहे, असे लिंकन म्हणाले. त्यांच्या भाषणात गुलामगिरी हा शब्द एकदाही येत नाही. मढ्याला हात लावणाऱ्यांचाही उल्लेख येत नाही. वंश आणि जात एकच, असे मी म्हणत नाही. पण मेलेली गुरे ओढणे, मर्तिकाचा सांगावा गावोगाव पोचविणे ही कामे ज्यांच्या बापजाद्यांच्या माथी मारली गेली, त्यांना पावित्र्य आणि श्रम यांची ही वाटणी समजावून सांगावी लागत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: नोंद भाषणाची आहे, प्रेते पुरण्याची नाही, हे विषयांतर होय. मला हा आक्षेप मान्य नाही. लिंकन ज्या व्यासपीठावरून बोलले ते नेमके कोठे होते, यावर अभ्यासकांनी दीर्घ वाद घातला आहे आणि तो विषयाला धरून आहे असे मानले जाते. व्यासपीठाची जागा विषयात बसते, तर त्याच वेळी त्या जमिनीत चाललेले खोदकाम विषयाबाहेर कसे? बिग्ज यांच्याविषयी छापील आधारही उपलब्ध आहेत. तेव्हा येथे पुराव्याच्या अभावाची सबब चालणार नाही. काय महत्त्वाचे मानायचे, हा तेथे प्रश्न आहे, आणि महत्त्व ठरविणारी नजर तटस्थ नसते.

डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी हा अनुभव घेतला होता. ब्रिटानिका ज्ञानकोशाच्या चौदाव्या आवृत्तीसाठी त्यांच्याकडून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांवर लेख मागविण्यात आला. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळासंबंधीचा त्यांचा मजकूर संपादकाने कापला. तो घ्यावाच असा आग्रह त्यांनी धरला आणि तो मानला गेला नाही तेव्हा लेख छापू देण्यास नकार दिला. 1935 साली ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’च्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी हे सारे जगापुढे मांडले. त्या काळी एका संपादकाची कात्री पुरेशी होती. आज कात्री अनेकांच्या हाती आहे, पण त्या हातांत आपले हात किती?

मात्र दुसऱ्याकडे आधार मागताना आपणही आधार द्यावा लागेल. जुलै 1942 मध्ये, महायुद्ध चालू असताना, नागपूरला भरलेल्या दलित वर्ग परिषदेतील बाबासाहेबांच्या भाषणातून शिक्षण, चेतविणे आणि संघटन असा क्रम असलेला तीन शब्दांचा इंग्रजी संदेश आपल्याला मिळाला. मराठी घोषणेत संघटन आधी आणि संघर्ष नंतर, असा क्रम रूढ झाला. हा बदल का झाला आणि त्याने अर्थात काय फरक पडला, याची चिकित्सा करणे म्हणजे बाबासाहेबांचा अवमान नव्हे. श्रद्धेपोटी पाठ तपासायचा नाही, असे आपणच म्हणू लागलो तर पोथीनिष्ठांवर टीका करण्याचा आपला अधिकार संपतो.

पेनसिल्व्हेनियातील ज्या वृत्तपत्राने 1863 साली लिंकन यांच्या भाषणाची हेटाळणी केली, त्याच्या वारस वृत्तपत्राने 2013 साली तो अभिप्राय जाहीरपणे मागे घेतला. दीडशे वर्षांनी का होईना, दुरुस्ती झाली. पण ती झाली भाषणाच्या कीर्तीची. खोदणाऱ्यांची नोंद करण्याचे काम खोदणाऱ्यांच्या वारसांनाच हाती घ्यावे लागेल. त्यासाठी परिषदांचे अहवाल, जुनी नियतकालिके, वस्त्यांतील वृद्धांच्या मुलाखती मिळवून आधी छापल्या पाहिजेत, कारण छापलेला आधार नसेल तर कोणताही ज्ञानकोश आपले म्हणणे घेणार नाही. आणि तो आधार हाती आला की दुरुस्तीच्या त्या खुल्या पानावर आपणच जाऊन बसले पाहिजे.