भारतीय चवीचं गणित आणि त्यातून गळलेला बोंबील

परदेशातल्या एखाद्या साध्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये तुम्ही जेवला असाल, तर तिथलं मेन्यू कार्ड आठवून बघा. कोर्मा, मद्रास, विंदालू, धनसाक, जालफ्रेझी, शिवाय मुंबईत कुणी ऐकलं नसेल असं ‘बॉम्बे पोटॅटो’. नावं चाळीस, पण तीन पदार्थ मागवले की तिन्ही एकाच पातेल्यातले वाटतात. ‘हे काही आपलं जेवण नाही’ म्हणून आपण मोकळे होतो.

मग आपलं जेवण म्हणजे नेमकं काय? याचं आकड्यांतलं उत्तर देणारा एक शोधनिबंध २०१५ साली खूप गाजला. आज त्याबद्दल लिहितेय. त्याची परीक्षा घ्यायला अशा साध्या हॉटेलाइतकी चांगली जागा नाही, असं माझं मत आहे.

निबंध काय म्हणतो?

मूळ कल्पना २०११ सालची. आन, बाराबाशी आणि सहकाऱ्यांनी ५६,४९८ पाककृती तपासल्या. प्रत्येक घटकात वास आणि स्वाद देणारी रासायनिक संयुगं असतात. एका पाककृतीत एकत्र येणाऱ्या घटकांमध्ये अशी किती संयुगं सामायिक आहेत, हे त्यांनी मोजलं. पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या स्वयंपाकात मिळतेजुळते घटक एकत्र येताना दिसले. पूर्व आशियात उलट.

आयआयटी जोधपूरच्या गणेश बागलर आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत भारतीय जेवणाला लावली. तरला दलाल यांच्या संकेतस्थळावरच्या २,५४३ पाककृती आणि १९४ घटक घेतले. निष्कर्ष असा, की आपल्याकडे एकत्र येणाऱ्या घटकांत सामायिक संयुगं अपेक्षेपेक्षा कमी असतात, आणि याचं मोठं श्रेय मसाल्यांना जातं.

इथली ‘अपेक्षा’ म्हणजे काय, ते समजून घ्या, कारण निबंधाची ताकद त्यात आहे. संगणकाने घटक यदृच्छेने निवडून खोट्या पाककृती तयार केल्या आणि खऱ्या पाककृतींची तुलना त्यांच्याशी केली. मसाल्यांच्या जागा अदलाबदल केल्या की तो खास नमुना विस्कटतो, हेही दाखवलं. ही चोख पद्धत आहे. बातम्यांनी मात्र त्याचा अर्थ ‘भारतीय जेवण चविष्ट का, हे विज्ञानाला उलगडलं’ असा लावला. माझी तक्रार तिथून सुरू होते.

पातेलं यादीत दिसत नाही

ब्रिटनमधल्या साध्या करी हाऊसचं स्वयंपाकघर कसं चालतं बघा. सकाळी भरपूर कांदा, आलं-लसूण, थोडा टोमॅटो आणि मसाले एकत्र उकळून, वाटून एक बेस ग्रेव्ही तयार होते. ऑर्डर आली की पॅनमध्ये तेल, चमचाभर मसाला आणि वर पळीभर ही ग्रेव्ही. कोर्मा हवा तर नारळ, क्रीम, साखर. धनसाक हवा तर डाळ, पुष्कळदा अननसही. मद्रास हवा तर मिरचीपूड, आणि विंदालू हवा तर आणखी मिरचीपूड.

म्हणजे तिथल्या मद्रास आणि विंदालूच्या घटकांची यादी जवळपास सारखीच निघेल. फरक प्रमाणात आहे, आणि या निबंधाच्या मोजणीत प्रमाणच नाही. चिमूटभर हिंग आणि अर्धा किलो बटाटा तिथे समान. शिवाय तिखटपणा हा वास नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं. सामायिक स्वादसंयुगं मोजून तो पकडता येत नाही.

कांदा उकळला की परतला, हाही प्रश्न आहेच. कांदा खरपूस परतताना नवी संयुगं तयार होतात, उकळताना ती जवळजवळ होत नाहीत. ‘सगळं एकाच पातेल्यातलं’ वाटण्यामागे उकळलेल्या कांद्याचा हात मोठा आहे. पण यादीत दोन्हीकडे शब्द एकच, ‘कांदा’. निबंधाने जे मोजलंय ती लिहिलेल्या पाककृतींची रचना आहे. ताटातली चव अजून मोजायची राहिलीय.

डबे कुणी पाडले?

दुसरा मुद्दा मला जास्त बोचतो. निबंधात भारतीय जेवणाचे आठ गट आहेत: बंगाली, गुजराती, जैन, महाराष्ट्रीय, मुघलाई, पंजाबी, राजस्थानी आणि दाक्षिणात्य. यातला एक गट धर्मावरून, एक दरबारावरून, बाकीचे प्रदेशावरून, आणि अख्खी दक्षिण एकाच डब्यात. विज्ञानात वर्गीकरणाची कसोटी अशी मध्येच बदलत नसतात.

‘महाराष्ट्रीय’ डब्यात काय असेल? पाककृती आल्या त्या शाकाहारी स्वयंपाकासाठी ओळखल्या जाणाऱ्या नावाच्या संकेतस्थळावरून. वरळी कोळीवाड्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी, घराघरांत वेगळा असणारा कोळी मसाला यांचं वजन त्यात किती पडणार, वेगळं सांगायला नको. ओला बोंबील आणि सुका बोंबील हे तर यादीत एकच नाव ठरेल. खाणाऱ्याला विचारा, त्या दोन निराळ्या वस्तू आहेत.

गंमत अशी, की ब्रिटनच्या साध्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये हाच सुका बोंबील ‘बॉम्बे डक’ नावाने कुरकुरीत होऊन करीसोबत यायचा. १९९७ साली युरोपात त्याची आयात थांबली. नियम म्हणत होता, की मासळी मान्यताप्राप्त कारखान्यातूनच यायला हवी. बोंबील तर किनाऱ्यावर, बांबूच्या वलांडीवर, उन्हा-वाऱ्यात वाळतो. अर्जात भरायला कारखानाच नव्हता. चाहत्यांनी मोहीम चालवली, तेव्हा तोडगा निघाला: वाळवा उघड्यावरच, पण पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणी करा.

मला या दोन गोष्टी एकाच जातीच्या वाटतात. नियम असो वा विदासंच, चौकट आधी ठरते आणि तिच्यात न मावणारं गळून जातं. फरक इतकाच, की बोंबलासाठी भांडणारे खवय्ये होते. विदासंचातून काही गळलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. आणि आता अशाच संचांवरून संगणक ‘अस्सल महाराष्ट्रीय’ पाककृती सुचवू लागलेत. जे मोजणीत नाही ते सुचवलं जाणार नाही, आणि कोळणीच्या नातीलाही ‘आपलं जेवण’ म्हणून साबुदाणा खिचडीच दाखवली जाईल.

मग साध्या हॉटेलाला नावं का ठेवायची?

ब्रिटनमधली बहुतेक ‘इंडियन’ रेस्टॉरंट बांगलादेशी, त्यातही सिल्हेटच्या लोकांनी उभी केली. त्यांच्यातले आधीचे कित्येक जण आगबोटींवरचे खलाशी होते. सिल्हेटी घरांत शुटकी म्हणजे सुकी मासळी आवडीने खातात. पण गिऱ्हाइकाला समजेल ते मेन्यू कार्डावर आणि घरचं ते घरी, अशी वाटणी त्यांनी केली. ते कार्ड म्हणजे धंद्यासाठी केलेली निवड आहे, आणि ‘हाच भारत’ असा शास्त्रीय दावा ते करत नाही. निबंधाने आणि त्याहून जास्त त्याच्या बातम्यांनी तो केला, म्हणून मी करी हाऊसला माफ करते आणि निबंधाला प्रश्न विचारते.

पुढचं काम काय असावं, हेही सांगते. प्रमाण, शिजवण्याचा क्रम आणि वाळवणं-आंबवणं यांची नोंद घेणाऱ्या पाककृती हव्यात, आणि त्या कोळीवाड्यांत, घरोघरी बसून गोळा करायला हव्यात. कामाला वेळ लागेल, संच लहान होईल, पण ‘महाराष्ट्रीय’ या शब्दाला थोडा अर्थ येईल.

तुमच्यापैकी कुणी परदेशी शिकायला निघालं असेल, तर तिथल्या साध्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये जरूर जा. मेन्यू कार्ड वाचून झालं की वाढणाऱ्याला विचारा, ‘आज स्टाफसाठी काय शिजवलंय?’ पुष्कळ ठिकाणी ते वेगळं शिजतं, आणि मिळालंच तर ते आधी खा.