शेळ्यांना नावे देणारा नजीब

रियाधच्या बथा भागातील पोलीस ठाण्यासमोर दोन मल्याळी तरुण उभे आहेत. पोलिसांनी आपल्याला पकडून न्यावे एवढीच त्यांची इच्छा; आणि पोलीस त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. बेन्यामिन यांच्या ‘आडुजीवितम्’ या मल्याळम कादंबरीची ही सुरुवात. ज्याला तुरुंग आसरा वाटतो, त्याने मागे काय सोसले असेल?

लेखकाचे नाव वाचून आपल्यापैकी कित्येकांचे कान टवकारतील. पण ते टोपणनाव आहे. लेखक केरळातील ख्रिस्ती घरातले, बहरीनमध्ये पुष्कळ वर्षे नोकरी केलेले. कादंबरी २००८ साली आली, तिला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला व शंभरावर आवृत्त्या निघाल्या. एका खऱ्या माणसाच्या अनुभवावर ती आधारलेली आहे. आम्ही ती जोसेफ कोयिप्पळ्ळी यांच्या इंग्रजी भाषांतरातून वाचली, आणि २०२४ साली ब्लेसी यांचा चित्रपट आल्यावर पुन्हा वाचली.

नजीब हा नदीत बुडी मारून वाळू काढणारा मजूर. गरोदर बायको सैनूला घरी ठेवून तो १९९२ साली सौदी अरेबियाला जातो. विमानतळावर न्यायला कोणी येत नाही. अखेर एक अरब त्याला व बरोबरच्या हकीमला गाडीत घालून नेतो, तो थेट वाळवंटातल्या शेळ्यांच्या वाड्यावर. ज्याचा जन्म पाण्यात गेला, त्याला तिथे शौचाला गेल्यावर धुवायलाही पाणी नाही. पाणी शेळ्यांचे. खायला खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणि कच्चे दूध. असे तीन वर्षे, चार महिने, नऊ दिवस.

यातून हा माणूस जगला कसा? श्रद्धेने, असे तो स्वतः सांगतो, आणि ते खरे मानायला हवे. पण कादंबरीत आम्हांस अधिक पटले ते दुसरेच. नजीब शेळ्यांना गावातल्या माणसांची नावे देतो. कोणी मेरी मैमुना, कोणी पोच्चक्कारी रमणी. त्यांच्याशी तो मल्याळममधून बोलतो, गावच्या कुचाळक्या करतो. होणाऱ्या मुलासाठी ठरवलेले नबील हे नाव तो एका नवजात करडाला देतो. आणि पुढे मालक त्याच करडाला खच्ची करतो, ते पान वाचवत नाही. सैनूला तो मनातल्या मनात पत्रे लिहितो आणि त्यांत सगळे खोटे लिहितो : मी सुखात आहे.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या बुडाल्या, तोंडी फक्त ‘शेमा’ उरला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ज्यांनी ते ऐकले आहे, त्यांना नजीबचे हे बडबडणे वेडेपणाचे वाटणार नाही.

पुढे सुटकेच्या भागात इब्राहिम खादिरी नावाचा सोमाली येतो, वाळवंटातून वाट दाखवतो आणि नाहीसा होतो. त्याचे नाव मुसलमानांच्या खिज्रची आठवण करून देते, आणि आपल्या वाचकांना एलियाहू हन्नाबी आठवल्यावाचून राहणार नाही. मलिद्याच्या ताटासमोर वाढलेल्या आमच्या मनाला हे गोड वाटले, हे खरे. तरीही कादंबरी म्हणून येथे ती थोडी सैल झाली आहे. हकीम तहानेने वेडा होऊन वाळू खातो व मरतो. त्यानंतर असा चमत्कारी वाटाड्या पुरत नाही. त्यापेक्षा हमरस्त्यावर गाडी थांबवून या घाणेरड्या, केस वाढलेल्या माणसाला आत बसवून घेणारा तो अनोळखी अरब आम्हांस मोठा वाटला. हे पुस्तक “अरब असेच असतात” म्हणून वाचू पाहणाऱ्यांनी तेवढे पान तरी चुकवू नये. छळणारा मुसलमान, छळ सोसणारा मुसलमान, आणि सोडवणारेही तेच.

चित्रपटाविषयी थोडे. पृथ्वीराज सुकुमारन यांनी देह अक्षरशः झिजवला आहे, वाळवंट डोळ्यांत भरते. पण पुस्तकातला बोलका, स्वतःवरही हसणारा नजीब तिथे मुका झाला. उरला तो सोसणारा देह. प्रेक्षक त्याच्या सहनशक्तीला टाळ्या वाजवतो. सहनशक्तीचे हे कौतुक मालकालाही सोयीचे असते, म्हणून आम्हांस ते खटकले.

कारण सोसून नजीब सुटत नाही. तुरुंगात मालक पळालेले नोकर ओळखायला येतात. नजीबचा मालकही येतो, पाहतो आणि निघून जातो. नजीब त्याच्या व्हिसावर नव्हताच. असता तर ओढून नेला असता. विमानतळावर त्याने दुसऱ्याचाच माणूस उचलला होता. या चोरीनेच नजीब अडकला आणि या चोरीनेच सुटला. एका कफीलच्या कागदावर माणसाचे आयुष्य टांगणारी ही व्यवस्था. २०२१ साली सौदी सरकारने नोकरी बदलण्याची मुभा देणारे फेरफार केले, तेव्हाही मेंढपाळ आणि घरगडी त्यातून वगळलेच होते.

आपल्यातल्या बऱ्याच घरांत आज केरळातून आलेली बाई म्हाताऱ्यांची सेवा करते. तिचाही व्हिसा असतो, तीही घरी पत्रे नाही तर फोन करते. तिला या पुस्तकाबद्दल जरूर विचारावे. तिने ते मुळातून वाचले असण्याचा संभव आहे, आणि भाषांतरात काय निसटले ते ती आमच्यापेक्षा चांगले सांगेल.